कवडीच्या गळ्याखालची पिशवी

अंडं उचललं तर बोटात दबलं.
टरफल नव्हतंच, नुसता पापुद्रा,
ओल्या कागदात बांधल्यासारखा बलक.
चैत लागला होता. दारव्ह्याचा बाजार होता त्या दिवशी.

कृषी केंद्रातल्या ढोबळ्यांच्या पोरानं
पन्नास किलोची पिशवी पायानंच पुढं सरकवली.
वर पांढऱ्याशुभ्र कोंबडीचं चित्र,
जन्मात मातीला पाय न लागलेली.
"काकू, लेअर फीड हाय. हेच टाका, बाकी सारं बंद."
"अन् कोंबड्याले? पिल्लायले?"
मोबाईलवरची नजर न काढता म्हणाला, "चालते न."

चालत नाही. ते मला पुढं कळलं.
हवालदार आमचा कोंबडा, तो काही अंडी घालत नाही,
एवढा चुना पोटात घेऊन करेल काय?

तशी मीही काही कमी शहाणी नव्हते.
गाईची सरकीची ढेप उरली, ती महिनाभर टाकली.
बलक शेवाळी निघाले.
पंचफुलाबाईनं अंडी पदरातून परत आणली,
"माय, हे बदकाचे तं नाहीत?"
मग रेशनचा तांदूळ.
तो खाऊन अशा माजल्या
की उकिरड्यापर्यंत चालायचाही कंटाळा,
अन् अंडी आठवड्याला दोन, तीही रुसल्यासारखी.

आता हा सतराशे रुपयांचा भुगा.
अकरा कोंबड्यांनी चोचीनं उडवून पाहिला,
आणि गेल्या
तुराट्यांच्या ढिगामागं, रोजच्या कामाला.
मी टोपलं घेऊन तिथंच.

वैशाखात मुंगसानं कवडीला धरलं.
मी ओरडत धावले, त्यानं सोडली,
पण मान गेली होती.
न्हाणीमागं साफ करायला बसले,
गळ्याखाली हात थांबला.
पिशवी भरलेली. लिंबाएवढी, टणक.

विळीवर चिरली.
ज्वारी, माझ्याच हातची, सकाळची,
एकवीस दाणे, मी मोजले.
उधळी, चिमूटभर; एकीचे पाय अजून हलत होते.
न्हाणीच्या ओलीतली घोळ, कातरल्यासारखी बारीक.
गोगलगाईचा फुटका शंख.
दुकानातला भुगा? एक कणही नाही.
आणि पांढरे पांढरे पोपडे,
जिभेवर ठेवून पाहिला एक,
चुना.

मग भिंतीकडं पाहिलं.
जमिनीपासून वीतभर, या टोकापासून त्या टोकापर्यंत
टोचून टोचून उघडी पाडलेली.
दोन महिने मी तिला ओल समजत होते.
नवऱ्याला म्हटलंही होतं, पावसाआधी बघा जरा.

पेटी कापली तर खड्यांमध्ये एक काळा मणी,
माझ्या पोतीतला. होळीला तुटली होती ती,
अंगण दोनदा झाडलं होतं आम्ही.

आता संध्याकाळी ज्वारी, मूठभर तुरीची चुनी.
भुगा वाया घालवत नाही, ताकात कालवून देते
झडीत, बाहेर किडा मिळत नाही तेव्हा.
पिल्लांना त्यातला लागू देत नाही.
अंड्यांची टरफलं तव्यावर भाजून कुटते,
ती वेगळी, करवंटीत, खुराड्याच्या दाराशी.
जिला हवं ती येते, चार टोची मारते, जाते.
कुणी दोन दिवस फिरकतच नाही.
हवालदार वाकून बघतो
आणि मान ताठ करून पुढं निघतो.

किती घालायचं, मी ठरवत नाही.

दिवाळीला भिंत रंगवली.
रंगारी म्हणाला, "खाली वीतभर राहिलं, बाई."
राहू दे म्हटलं.

मणी धुऊन परत ओवला.
बाकीचे चमकतात, तो एक मंद आहे,
खड्यांत घासून आलेला.
सकाळी खुराड्याची फळी सरकवताना
बोट आपोआप त्याच्यावर जातं.